नूतन आणि लपाछपीचा दुसरा भाग

फोन आला तेव्हा मी बांगडे तळत होते. बांद्याहून नूतनच्या भावाचा फोन. "ताई, आमची नूतन बाजारात पडली..." एवढंच त्याला बोलता आलं. पुढचं त्याच्या शेजाऱ्याने फोन हातात घेऊन सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, गोव्याच्या इस्पितळात न्यायला गाडी निघाली होती, आणि वाटेतच... मी गॅस बारीक केला. बाहेर पडवीत पुण्याचं एक कुटुंब जेवायला बसलं होतं. त्यांच्या थाळ्या वाढल्या, सोलकढी अजून हवी का विचारलं, त्यांच्या लहान मुलीला बांगड्याचे काटे काढून दिले. मग हात धुतले आणि नवऱ्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. हे ऐकूनही ही वाढत कशी राहिली, असं त्याच्या मनात आलं असेल ते मला कळलं, पण त्याचंही काही वाटलं नाही. आता दोन महिने होत आले. लोक येऊन रडून गेले. मी चहा करत राहिले.

नूतन माझी धाकटी जाऊ. कुणकेश्वरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर आहे. पर्यटकांसाठी दोन खोल्या आणि जेवण असा उद्योग आम्ही दोघींनी मिळून काढला होता. हिशोबाचं, फोनचं, गिऱ्हाइकांशी बोलण्याचं ती बघायची, स्वयंपाकघर माझं. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर सुधीर, मालवाहू बोटीवर असतो. एकदा सुट्टीवर आला असताना त्याने स्वतःसाठी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणलं आणि बोटीवर परत जाताना त्यावर टॉवेल टाकून गेला. दुपारची जेवणं आटोपली की इथे चार वाजेपर्यंत कोणी फिरकत नाही. अशाच एका दुपारी नूतनने तो टॉवेल काढला.

खेळाचं नाव इंग्रजी होतं. ते मला कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून आम्ही त्याला लपाछपी म्हणायचो. वेढा पडलेलं एक जुनं शहर, आणि राखाडी शाल पांघरलेली एक हेर बाई. पहाऱ्यातून कोणालाही न दिसता तिने निरोप पलीकडे पोचवायचा. हातात सुरी होती, पण नूतनने ती कधी वापरली नाही. ती भिंतीला चिकटून वाट बघायची. पहारेकरी आला, थांबला, वळला, की दोन पावलं पुढे. पहिल्या दिवशी मी नुसती आमसुलं निवडत बाजूला बसले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "वैनी, वायच हयसर बघ गो. माका पाठचो दिसणा नाय." त्या दिवसापासून पाठीमागचं बघायचं काम माझं झालं. "थांब गो, थांब... इलो इलो... आता जा!" असं मी सांगायची आणि ती जायची. दिसली की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे श्वास रोखला जायचा. एकदा दाराशी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि आम्ही दोघींनी एकदमच त्याला बोटाने "शू" केलं.

पहिल्या भागातलं चित्र काही फार सुंदर नव्हतं. सगळं मातकट, अंधारलेलं. पण पहारेकरी मोजकेच होते आणि रोज तेच. एकाला सारखा खोकला यायचा, त्याला आम्ही पोस्टमास्तर म्हणायचो. एक उगीच आभाळाकडे बघत उभा राहायचा, त्याचं नाव बाबल. बाबलच्या समोरून जायचं असेल तर घाई चालायची नाही. भाजी चिरतानाही आमचं तेच. "वैनी, सकाळी देवळाकडे गेललंय, हुबेहूब बाबल बसललो थंय." शेवटी ती हेर शहराबाहेर पोचली तेव्हा नूतनने रिमोट खाली ठेवला आणि आम्ही चहा प्यायलो. आपलंच कोणीतरी सुखरूप घरी आल्यासारखं वाटलं होतं.

मग दुसरा भाग आला. सुधीरने सिंगापूरहून येताना तिच्यासाठी मुद्दाम आणला, सोबत आणखी एक रिमोट. कारण या भागात दोघांना खेळता येत होतं. त्या हेराला एक सोबतीण दिली होती. "आता तू नुसता बघूचा नाय," नूतन म्हणाली. "तू फुडे चल, मी पाठसून येतंय." माझ्या बोटांना काही जमेना. मी भिंतीकडे तोंड करून चालत राहायची आणि ती हसून हसून लोळायची.

हा भाग दिसायला फारच देखणा आहे, ते मी मान्य करते. वाऱ्याने हलणारं गवत, त्यात लपता येतं. कौलांवरून चालता येतं. पहारेकरी हुशार झालेत, वर बघतात, आवाज आला तर शोधत येतात, दुसऱ्यांना बोलावतात. कुत्रे आहेत, नाना तऱ्हेची हत्यारं आहेत. पण पहारेकरी इतके की कोणाला नाव ठेवायला सवड मिळत नाही. आणि माझी खरी तक्रार वेगळी होती. सापडलं तरी काही बिघडत नाही. धुराचा गोळा फेका, दोघाचौघांना लोळवा, पळून जा. मग लपायचं कशाला? त्यात पहिल्या भागात घटकाभर भिंतीला चिकटून राहणारी नूतन या भागात सुटल्यासारखी धावायची. कौलं फोडायची, मडकी पाडायची, कुत्रे उठवायची.

"गो, वायच दमान!" मी ओरडायची.

"वैनी, पयल्यात चुकलंव की खलास," ती म्हणायची. "हयसर चुकलंव तरी पळाक गावता, झगडाक गावता. माका ता बरा वाटता."

यावरून आमची रोज जुंपायची. मासे साफ करताना, चादरी वाळत घालताना. ती म्हणायची दुसरा बरा, मी म्हणायची पहिला. कोणीही हटलं नाही. बंदरावरच्या मिठाच्या कोठारापाशी आम्ही अडकलो होतो. आईला बघून दोन दिवसांत परत येते, मग पुढे जाऊ, असं म्हणून ती बांद्याला गेली.

सुधीर पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. महिनाभर तो घरात होता, बहुतेक वेळ पडवीत. परत बोटीवर जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला.

"वैनी, ती माका फोनवर सारखा सांगी. वैनीक पयलो बरो वाटता, माका दुसरो. खरोच इतको फरक आसा?"

"आसा," मी म्हटलं.

"दाखव मगे."

मी दुसरा भाग लावला. त्याने नूतनचा रिमोट घेतला. कोठाराच्या दाराशीच आम्ही सापडलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सापडलो. तो लपतच नव्हता, सरळ उजेडात चालत जायचा. "माका थांबाक जमणा नाय," तो म्हणाला आणि रिमोट मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने पडद्यावर आपोआप काळोख झाला. मशीन घेऊन जातोस का, असं मी विचारलं. त्याने नको म्हणून मान हलवली. "ऱ्हवांदे हयसरच."

तो गेल्यानंतर एका दुपारी मी एकटीच लावून बसले. दुसरा रिमोट कोणी धरला नसेल तर सोबतिणीला मशीन चालवतं, हे मला तेव्हा कळलं. ती आली. माझ्या मागून बरोबर अंतर ठेवून. तिच्या पायाखाली एकही कौल वाजलं नाही. कुत्र्याच्या नाकासमोरून गेली, त्याने मान वळवली नाही. पहारेकरी दिवा घेऊन तिच्या अंगावरून गेला, त्यालाही ती दिसली नाही. ती चुकूच नये अशी खेळ करणाऱ्यांनी व्यवस्था केली आहे. कोठाराची भिंत उंच आहे. एकीने वाकून दुसरीला खांदा द्यावा लागतो. मी पोचले तर ती पुढे होऊन आधीच तिथे वाकून उभी होती. मी बटण दाबलं नाही. ती हलली नाही, कुरकुरली नाही, "चढ गो लवकर" म्हणाली नाही. बाहेर चार वाजताची गाडी आली, गिऱ्हाइकांनी हाक मारली, मी उठून गेले. चहा देऊन परत आले, तरी ती तशीच वाकलेली.

काल सुधीरचा फोन आला, कुठल्याशा बंदरातून. आवाज तुटत होता. जेवलीस काय, पाऊस आहे का, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "वैनी, खेळतंस काय?"

"कधीमधी."

"मगे? खंयचो बरो?"

मी पडद्याकडे बघितलं.

"थांब रे," मी म्हटलं. "दुसरो अजून पुरो होवचो आसा."