उमरेड रोडवर जाम झालेलं चाक

माझ्या नवऱ्याचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला होता. एका सकाळी उजव्या डोळ्यासमोरही काळी सावली उतरू लागली. उमरेडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून टाकली. "आतला पडदा सुटतोय. आजच नागपूरला न्या. आणि धक्का लागू देऊ नका, नाहीतर उरलासुरलाही सुटेल."

एसटीचा विचारच नको. आमची जुनी मोटार होती, पण ती हेच चालवायचे. मी यांच्याकडून शिकले होते ती शाळेच्या मैदानावर. मोठ्या रस्त्यावर कधीच गेले नव्हते. यांना शेजारी बसवलं, मानेला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या आणि निघाले.

गाव मागे पडलं तसं स्टेअरिंग थरथरू लागलं. आधी वाटलं, माझेच हात कापताहेत. मग थरथर कोपरापर्यंत आली.

"गाडी कोणत्या बाजूले ओढून राहिली?" यांनी विचारलं.

"डावीकडे. तुम्ही बोलू नका, मान हलते."

"काहीतरी जळून राहिलं वं. थांबव. हळू."

मी कडेला थांबले. बाभळीखाली सतरंजी टाकून यांना धरून बसवलं. मग एकेका चाकाजवळ हात नेऊन पाहिला. तीन चाकं कोमट होती. पुढच्या डाव्या चाकाजवळ मात्र चुलीसारखी धग होती. मी पाण्याची सुरई घेऊन धावले.

"पाणी टाकू नको! ब्रेकचा ड्रम तडकंल. नट ढिले आहेत का पाह्य."

नट घट्ट होते. मागच्या चाकांना दगड लावून मी जॅक चढवला. चाक जमिनीवरून सुटलं, पण दोन्ही हातांनी जोर लावूनही तसूभर फिरेना.

"फिरते का?"

"नाही."

हे भिंत चाचपावी तसा हात हवेत फिरवत उठायला लागले. मी ओरडलेच, "बसा! उठाल तर मी इथंच सगळं टाकून देईन!" इतक्या मोठ्यानं मी यांच्याशी कधी बोलले नव्हते. हे बसले. ओठ पांढरे पडले होते.

मग म्हणाले, "चाकाच्या मागं रबरी नळी येते. तिच्यापाशी एक लहानसा नट आहे. छोट्या पान्ह्यानं जरासा ढिला कर."

मी आडवी होऊन हात आत घातला. मनगट भाजलं. नट सुटताच ब्रेकच्या तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक हातानं फिरलं.

"मंग नळीच आतून फुगली. ब्रेक दाबला की तेल चाकाकडं जाते, पण वापस येत नाही. ब्रेक दाबशील तर चाक पुन्हा धरंल."

"मग थांबवू कशी?"

"गिअर उतरवून. हँडब्रेकनं, तो मागच्या चाकाले लागते. नट कसून घे, आणि ब्रेकवर पायच ठेवू नको."

नट कसला, जॅक उतरवला, यांना पुन्हा उशांमध्ये बसवलं. पुढचा रस्ता मी दुसऱ्या गिअरमध्ये, रांगत काढला. समोर बैलगाडी आली की लांबूनच पहिला गिअर टाकायचे. शहरात शिरल्यावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. मी हँडब्रेक ओढला, गाडी हिसका देऊन थांबली आणि यांच्या तोंडून "अं" असा आवाज आला.

"काय झालं? दिसतंय का काही? काळं वाढलं का?"

"पट्टीत काय दिसंल वं," हे म्हणाले. त्यानंतर रामदासपेठेतल्या दवाखान्यापर्यंत मी गाडी पहिल्या गिअरमध्येच नेली. तो हिसकाच यांचा डोळा घेऊन गेला, असं मी धरून चालले होते.

ऑपरेशननंतरही पट्टी सुटेपर्यंत मला धड झोप नव्हती. सुटली तेव्हा यांना समोरचं दिसलं, बाजूचं फारसं नाही. मोटार चालवणं मात्र कायमचं गेलं.

त्यानंतर गाडी मीच चालवली. नवी नळी बसवली होती, ब्रेक उत्तम लागत होते. तरी प्रत्येक चौकात शेजारी बसलेले हे उजवा पाय गाडीच्या तळावर घट्ट दाबून धरायचे.