बीटाची कोशिंबीर

कर्वेनगरच्या भाजीवाल्याकडे बीट दिसलं की अजूनही माझा हात आखडतो. लेकीची केमो चालू होती तेव्हा रक्त वाढावं म्हणून मी तिला रोज बीटाची कोशिंबीर भरवायचे. तिची लघवी लाल झाली तेव्हा मी हसून म्हणाले, "अगं, बीट आहे ते." तिसऱ्या दिवशी लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या आणि मी तिला घेऊन दवाखाना गाठला. केमोच्या औषधाने मूत्राशय आतून सोलवटलं होतं. डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून रक्त गळणाऱ्या वाहिन्या बंद केल्या. तिला बाहेर आणलं तेव्हा मी पोटावर टाके शोधत होते, पण मांडीवर नुसती चिकटपट्टी. "कापलंच नाही?" मी विचारलं. "कापायला हवं होतं का?" डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी लघवीच्या पिशवीत पिवळं पाणी उतरलं. ते बघून लेक म्हणाली, "आई, संपलं बघ बीट."