पगारे सरांची हजेरी

सातपूरच्या ज्या गाळ्यात मी पगारे सरांना पहिल्यांदा भेटले, तिथे पाहुण्यासाठी खुर्ची नव्हती. केबलच्या एका रिकाम्या लाकडी ड्रमवर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि "बसा" म्हणाले. मी नोकरी मागायला आले होते. शाळा कॉन्व्हेंटची, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स, आणि लग्नानंतर बरीच वर्षं घरी. सरांनी माझी प्रमाणपत्रं उघडलीही नाहीत. एक जाडजूड परदेशी मॅन्युअल माझ्या हातात दिलं, एका परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे वाचा, आणि मला मराठीत सांगा."

वाचायला मला काहीच अडचण आली नाही. सांगायला मात्र तोंडातून शब्द फुटेना. "केबलचा शेवट... म्हणजे, शेवट करायचा..." असं मी पुटपुटत राहिले. सर हसले नाहीत. म्हणाले, "रिकाम्या हॉलमध्ये आपण मोठ्याने बोललो तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो ना? केबलमध्येही तसंच होतं. म्हणून तिच्या टोकाला हा छोटा रेझिस्टर लावायचा, की आवाज तिथेच जिरतो. आता तुम्ही सांगा." मी त्यांचंच वाक्य त्यांना परत ऐकवलं. "आलं की! उद्यापासून या," ते म्हणाले. त्या उद्यापासून माझं उरलेलं सगळं नोकरीचं आयुष्य त्याच गाळ्यात गेलं.

श्री. दत्तात्रय पगारे यांनी पंच्याहत्तराव्या वर्षात पदार्पण केलं, म्हणून आम्ही त्यांचे जुने सहकारी आणि शिष्य हा गौरवग्रंथ काढत आहोत. अशा ग्रंथात प्रसन्न मनाने लिहायचं असतं. मला ते जमणार नाही, हे आधीच सांगते. सरांच्या डोळ्यांचा पडदा गेली काही वर्षं झिजत चालला आहे. कडेचं अजून दिसतं. नेमकं समोर पाहायचं असतं, तिथेच पुसट होतं. ज्या माणसाचं सगळं काम बारीक आकडे वाचण्याचं, त्याच्या वाट्याला हे यावं, याचं दुःख बाजूला ठेवून लिहिता येत नाही.

सरांचं काम काय होतं, हे बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. कारखान्यात किंवा शीतगृहात शेकडो वस्तू एकाच वेळी चालू असतात. कुठे तापमान मोजणारा सेन्सर, कुठे झडप, कुठे मोटर. या सगळ्यांना एका केबलने एकमेकांशी आणि मधल्या नियंत्रकाशी जोडायचं, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता म्हणजे एक नंबर द्यायचा, आणि कोणी काय सांगितलं की कोणी काय करायचं, हे ठरवून द्यायचं. हे जमलं की पंखा, पंप, कॉम्प्रेसर आपापल्या वेळेला चालतात. एखादा पत्ता चुकला, तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर जातं.

म्हणून सर हजेरी घेत. ही पद्धत मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. सगळी जोडणी झाल्यावर संगणकाला विचारलं, तर तो सर्व उपकरणांपुढे हिरवी खूण दाखवतो. बहुतेक लोक तेवढ्यावर चालू करतात. सर करत नसत. ते एक माणूस प्रत्यक्ष उपकरणापाशी उभा करत आणि स्वतः संगणकाच्या पडद्यासमोर बसून ओरडत, "नंबर एक!" पलीकडचा माणूस सेन्सर मुठीत धरून ओरडे, "हजर!" मग मुठीच्या उबेने पडद्यावर एक नंबरचाच आकडा वाढतो आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच सर पुढचा नंबर पुकारत.

पहिल्यांदा मी सेन्सरपाशी उभी होते तेव्हा सवयीने "प्रेझेंट, मिस!" ओरडले. सगळा कारखाना हसला. सर पुढे कित्येक महिने मला "काय मिस, आज प्रेझेंट का?" असं विचारत.

या सवयीचं मूळ चांदवडला होतं. सरांचे वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते. "आमचे दादा हजेरी घेताना दर नावाला मान वर करायचे," सर सांगत. "मागच्या बाकावरून एकाच्या जागी दुसरा ओरडतो, हे त्यांना माहीत होतं. आवाज ऐकायचा आणि तोंडही बघायचं. संगणक नुसता आवाज ऐकतो."

माझ्या मराठीवरही सरांनी अशीच मेहनत घेतली. पडद्यावरच्या सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मी शब्दकोश उघडून मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, 'संपीडकातील वंगणदाब न्यून'. सरांनी ते छापून एका ऑपरेटरपुढे ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, हे काय पत्रिका हाय का कोणाची?" सरांनी त्यालाच विचारलं की असं झालं तर तू तुझ्या जोडीदाराला काय सांगशील. "कॉम्प्रेसरचं तेल कमी झालंय, पळ!" आम्ही 'पळ' वगळून बाकी तसंच लिहिलं. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी तिथल्याच माणसांना विचारून सूचना लिहायच्या, हा आमच्याकडे नियम झाला.

सरांच्या मायेबद्दल बोलायचं तर माझ्या यजमानांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलावं लागतं. मी तेव्हा रजा मागितली. सर म्हणाले, "रजा घ्या. पण नुसतं बसून राहिलात तर तुम्हीही आजारी पडाल." मग दुपारी ते ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन हॉस्पिटलात येत. मला व्हरांड्यातल्या बाकावर काम देत आणि स्वतः आत यजमानांच्या उशाशी बसत. सरांना पत्ते खेळता येत नसत. यजमानांनी त्यांना रमी शिकवली. सर इतकं वाईट खेळत की यजमान मला आत बोलावून विचारत, "अगं, तुझे साहेब मशीन कसं चालवतात?" त्या दिवसांत त्या खोलीतून हसण्याचा आवाज फक्त दुपारीच यायचा. मग यजमान गेले. दशक्रियेला सर गोदाकाठी सर्वांच्या मागे उभे राहिले आणि निघताना म्हणाले, "मॅडम, तुमचं टेबल पुसून ठेवतो." मी परतले तेव्हा टेबल खरंच पुसलेलं होतं.

आता पिंपळगाव बसवंतच्या कामाबद्दल लिहिते. ते टाळावं, असं संपादक मंडळातल्या काहींना वाटत होतं. सरांनाच विचारलं, तर ते म्हणाले, "ते लिहिणार नसाल तर बाकीचंही लिहू नका."

पिंपळगावच्या त्या द्राक्षांच्या शीतगृहाची पहिली नियंत्रणव्यवस्था सरांनीच उभी केली होती. ती जुनी झाली, सुटे भाग मिळेनात, आणि मालकांनी नवी बसवायचं काम पुन्हा सरांनाच दिलं. मालकांना सगळे आबा म्हणतात. तोवर सरांना मोटारसायकल सोडावी लागली होती. पेपर वाचताना ते मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहत. डॉक्टरांनी बारीक काम थांबवायला सांगितलं होतं. गाळ्यात हे फक्त मला आणि निलेशला माहीत होतं. निलेश आमच्याकडचा तरबेज इंजिनिअर, आज गाळा तोच चालवतो. सर आम्हाला म्हणाले, "एवढं एक काम माझ्या हातून होऊ द्या. मग तुम्ही सांगाल ते ऐकेन." त्यांना आणखी काम करता येणार की नाही, हे त्या शीतगृहात ठरणार होतं. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

शीतगृहात आठ खोल्या. प्रत्येक खोलीबाहेर एक छोटी पेटी, तिच्यात त्या खोलीच्या सेन्सरची जोडणी. पेटीचा नंबर तिच्यावरच्या बोटाच्या पेराएवढ्या चकतीवर इंग्रजी आकड्यात असतो. कोणती पेटी कोणत्या खोलीची, याची लेबलं सरांनी आदल्या दिवशी गाळ्यात स्वतः लावली होती. निलेश "मी लावतो" म्हणाला, तर त्याला चहा आणायला पाठवलं.

द्राक्षांची गाडी यायच्या आधी खोल्या रिकाम्याच गार करून आम्ही तपासणीला उभे राहिलो. संगणकाने आठही पेट्यांपुढे हिरवी खूण दाखवली. आबा खूश झाले. "झालं ना सर? करा चालू."

"हजेरी राहिली, आबा," सर म्हणाले.

सरांना पडदा वाचता येत नव्हता, म्हणून तिथे मी बसले. शीतगृहाचे जुने ऑपरेटर शांताराम एकेका खोलीतला सेन्सर मुठीत धरायला आत गेले. "सायेब, लय गार हाय आत. जरा झटझट पुकारा!" ते ओरडले.

"एवढी वर्षं झाली, तुला अजून थंडी वाजते?" सर म्हणाले आणि सगळे हसले. "नंबर एक!"

"हजर!" एकचा आकडा वाढला. मी तसं सांगितलं. दोनचाही वाढला.

"नंबर तीन!"

"हजर!"

तीनचा आकडा जागच्या जागी राहिला. खाली, आठ नंबरचा वाढत होता.

मी दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. सरांनी वाट पाहिली. "मॅडम?" मी म्हटलं, "सर, पुन्हा एकदा घेऊ या का?" शांताराम पुन्हा "हजर" ओरडले. पुन्हा आठचाच आकडा वाढला, आणि मला ते सांगावंच लागलं.

निलेश पटकन म्हणाला, "सर, वायर ढिली असणार. तुम्ही बसा, मी बघून येतो." तो गुपचूप लेबलं बदलणार होता, हे मला कळलं. सरांनाही कळलं.

"थांब. ती पेटी काढून आण."

निलेशने पेटी आणली. सरांनी ती हातात घेतली, मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. शेवटी पेटी माझ्यासमोर धरली. "काय आहे?"

"आठ, सर."

"मला तीन दिसला होता," ते म्हणाले. लेबलं लावताना शेवटच्या दोन पेट्या उरल्या होत्या. त्यातल्या आठला त्यांनी तीन वाचलं, म्हणून उरलेल्या तीनला आठ ठरवलं. तसंच चालू झालं असतं, तर एका खोलीतली द्राक्षं गोठली असती आणि दुसरीतली सडली असती.

सर आबांकडे वळले. "चूक माझी आहे. निलेशची नाही, मॅडमची नाही. मला आकडा दिसला नाही."

"अहो सर, एवढं काय मनाला लावून घेता?" आबा म्हणाले. "सापडली ना चूक!"

"ही सापडली, आबा. पुढची सापडेलच असं नाही." मग ते निलेशला म्हणाले, "पेट्या बदल. आणि हजेरी पहिल्यापासून घे. तू पुकार."

निलेशने पेट्या बदलल्या. "नंबर एक" त्याने इतकं हळू म्हटलं की आतून शांताराम ओरडले, "काय झालं ओ? सायेबांना बोलू द्या की!" सर बाहेर गेले आणि रिकाम्या क्रेटवर बसले.

परत येताना ते गाडीत खिडकीपाशी बसले होते. ओझरच्या पुढे आल्यावर म्हणाले, "मॅडम, बरं झालं. हजेरीनेच सांगितलं. तुमच्यापैकी कोणाला 'आता थांबा' असं सांगावं लागलं नाही." निलेश गाडी चालवत होता. त्याने काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

त्यानंतर सर कामावर आले नाहीत. दिलेला शब्द त्यांनी पाळला. पिंपळगावची व्यवस्था उत्तम चालू आहे.

अशा ग्रंथात माणसाच्या यशाची मोजदाद करतात. सरांनी किती कारखाने जोडले, हे इतर लेखांत वाचकांना मिळेल. माझ्या मनात मात्र पेटी दुसऱ्यापुढे धरून "काय आहे?" असं विचारणारे सर राहिले आहेत. स्वतःच्या आयुष्याचं काम संपवणारं उत्तर त्यांनी स्वतःच मागून घेतलं, तेही चार माणसांसमोर. मला हे जमलं असतं का, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारते.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगी पुण्याला असते, तिचा रोज फोन येतो. घरात एक गोष्ट मात्र मला फार जाणवते. सरांचा फोन पूर्वी दिवसभर वाजायचा. कुठे पंप बंद पडला, कुठे पडदा काळा झाला, की अंबडपासून चांदवडपर्यंतची माणसं आधी सरांना फोन करायची. जेवताना, लग्नात, दवाखान्यात, सर उचलायचे. आता बिघाड झाला की लोक निलेशला सांगतात, आणि तेच बरोबर आहे. सरांचा फोन टीपॉयवर गप्प पडलेला असतो. मी असताना एकदा तो वाजला तेव्हा ते इतक्या घाईने उठले की पाणी सांडलं. कर्ज हवंय का, असं विचारणारी कोणी मुलगी होती. सरांनी तिची चौकशी केली, गाव विचारलं.

परवा त्यांनी मला विचारलं, "शेवटी काय लिहिणार?"

"सगळे लिहितात तेच. सरांना भरपूर आयुष्य मिळो, प्रकृती चांगली राहो."

"आयुष्य मागताय, तर सोबतही मागा," ते म्हणाले. "नाहीतर नका मागू."

तर सरांना भरपूर आयुष्य मिळो, आणि जी काही नजर उरली आहे तेवढी तरी शाबूत राहो. सोबत आपल्याच हातात आहे. हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल, त्या सर्वांकडे सरांचा नंबर आहेच. त्यांना फोन करा. कुठे काही बंद पडलेलं नसलं, तरी करा.