बाई, नळापाशी छान बोललात

बाईंच्या वर्गात सकाळी हजेरीच्या आधी कान तपासले जात. एकेका मुलाचं श्रवणयंत्र हातात घ्यायचं, डॉक्टरांच्या गळ्यातल्यासारखी एक नळी त्याला जोडायची आणि स्वतः ऐकून बघायचं, सेल उतरलाय का, आत खरखर होतेय का. मग गळ्यात माइक अडकवायचा. बाई बोलल्या की आवाज थेट मुलांच्या यंत्रात. ज्या तिघांना यंत्रानंही फारसं ऐकू येत नसे, त्यांच्यासाठी बाईंचे हात जोडीला बोलत. सतरा वर्षांत या हातांना इतकी सवय लागली होती, की घरीही ते गप्प बसत नसत. "अगं, मला ऐकू येतं," नवरा म्हणायचा, "हात खाली घे, चहा सांडेल."

मुलांनी सगळ्यांना खुणांची नावं ठेवली होती. बाईंचं नाव म्हणजे टेबल चाचपायचं आणि शेवटी डोक्याला हात लावायचा, कारण बाईंचा चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम टेबलावर. मुख्याध्यापकांचं नाव सोपं होतं, मिशीला पीळ.

"मोठ्यानं बोला, तोंडातल्या तोंडात नको, चुकलं तर चुकलं," हे बाई दिवसातून वीसदा सांगत. आणि स्वतः मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या की त्यांचीच वाचा बसे. त्या खोलीत सतरा वर्षांत त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं, "चालेल सर." मोडकं कपाट दिलं, चालेल सर. पंखा काढून नेला, चालेल सर.

त्या सोमवारी मात्र चिठ्ठी आली, की उद्यापासून तुमचा वर्ग सुतारकामाच्या वर्गाशेजारच्या खोलीत. तिथे दिवसभर यंत्राची करवत चालते. आणि श्रवणयंत्र काही बाई आणि करवत असा भेदभाव करत नाही. दोघींचा आवाज सारखाच मोठा करून कानात ओततं. आत्ताच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून बाईंनी घरचे जाड पडदे आणून लावले होते. नवरा ते अजून माळ्यावर शोधतो. अकरा मुलांचं अख्खं वर्ष त्या करवतीखाली जाणार होतं.

"धडा वाचत बसा, आलेच," असं म्हणून बाई निघाल्या. मुख्याध्यापकांची खोली भिंतीपलीकडेच, पण बाई आधी व्हरांड्यातल्या नळापाशी थांबल्या. तोंडावर पाणी मारलं आणि नळाकडे बघून रंगीत तालीम केली. "सर, स्पष्टच सांगते. ही खोली आम्हाला चालणार नाही. एक दिवस तुम्ही स्वतः तिथे बसून बघा. माझी मुलं अडगळीचं सामान नाहीत!" नळ निरुत्तर झाला. बाई ताठ मानेनं आत गेल्या.

"या बाई. काय काम काढलंत?"

"ते... खोलीचं..."

"हां, आवडली ना? चांगली मोठी आहे. आणि खरं सांगू का, तुमच्या मुलांना कुठेही बसवलं तरी सारखंच. त्यांना कुठे काय ऐकू येतंय!"

बाईंनी तोंड उघडलं. आतून सवयीनं तेच बाहेर पडलं, "चालेल सर."

वर्गात परतल्या तर पुस्तकं मिटलेली. दोन वेण्यांची मुलगी फळ्यासमोर उभी राहून त्या तिघांना हातांनी काहीतरी रंगवून सांगत होती. मिशीला पीळ. मग डोक्यावरचा चष्मा. मग मान खाली, हात जोडलेले. बाईंनी आपल्या गळ्याकडे पाहिलं. माइकचा हिरवा दिवा सुखानं लुकलुकत होता.

"बाई," दोन वेण्या वळल्या, "चालेल का म्हणालात?"

तिच्या 'च'साठी बाई चार महिने खपल्या होत्या. तो नेमका आज लख्ख निघाला.

"अगं, मोठ्या माणसांसमोर..." बाई अडखळल्या.

"नळापाशी छान बोललात. तेच आत बोला."

अकरा माना हलल्या. बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला, नळी आणि एक जादा श्रवणयंत्र पर्समध्ये टाकलं आणि माइकचा दिवा मुद्दाम तपासून घेतला. चालू होता.

"सर, स्प... स्पष्टच सांगते," त्या दारातूनच म्हणाल्या. "ही खोली आम्हाला चालणार नाही."

"अहो, आत्ता तर चालेल म्हणालात!"

"घाबरले होते. आणि मुलांना ऐकू येतं. तुमचं मघाचं बोलणं अक्षर न् अक्षर ऐकलंय त्यांनी." बाईंनी माइक पुढे केला.

मुख्याध्यापकांनी त्या चिमुकल्या वस्तूकडे विंचवाकडे बघावं तसं पाहिलं. मग घसा साफ करून, अगदी हळू म्हणाले, "नमस्कार... मुलांनो."

"नमस्काऽऽर सर!" भिंतीपलीकडून असा गजर झाला, की टेबलावरचा पेला हलला.

मिशीचं एक टोक खाली आलं. "माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता हो..."

"नसेलच सर. आता तिकडे चला." इतकं बोलल्यावर बाईंना थांबताच येईना. करवतीशेजारच्या खोलीत नेऊन त्यांनी ते जादा श्रवणयंत्र नळीला जोडलं आणि नळी मुख्याध्यापकांच्या कानात घातली. स्वतः धडा वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला पलीकडे करवत फळीत घुसली. मुख्याध्यापक जागच्या जागी एक वीत उडाले.

"काढा हे! काढा आधी!"

"धड्यात काय होतं सर?"

"कसला धडा? डोकं फुटायची वेळ आली!"

"रोज पाच तास, सर."

त्यांनी दोन्ही कान चोळले. मग म्हणाले, "राहा तुम्ही आहात तिथेच. इथे सामान ठेवू."

बाई जवळजवळ धावतच वर्गात आल्या. सांगायची गरजच नव्हती. दोन वेण्यांनी सगळं हातांनी पोचवलं होतं, 'काढा आधी!'सकट. टाळ्यांऐवजी अकरा जोड्या हात वर जाऊन हलत होते. बाईंनी डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा डोक्यावर ठेवला.

दोन वेण्या मात्र गंभीर होत्या. "बाई, सुरुवातीला तोंडातल्या तोंडात बोललात," ती म्हणाली. "नंतर बरं होतं."