बिनखळीचा कागद

चंद्रहास टेंबे यांच्या हातात लग्नपत्रिका देताना लखनौमधला मराठी माणूस आधी देवाचं नाव घेतो. कारण टेंबे पत्रिका वाचत नाहीत. कोणाचं लग्न, कधी, कुठे, जेवण आहे की नुसताच चहा, या त्यांच्या लेखी किरकोळ बाबी. ते आधी पत्रिकेचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, डॉक्टरने पोट चाचपावं तसा. मग ती उजेडाकडे धरतात. मग कानाशी नेऊन हलकेच वाकवतात आणि आवाज ऐकतात. शेवटी वास घेतात. तोवर यजमान दारात अवघडून उभा, आणि मागे टेंब्यांच्या पत्नी गीतावहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या. निकालानंतर पाणी लागतंच.

मेजर धैर्यशील घोरपड्यांनी बदलीच्या धांदलीत मुलाची पत्रिका छापून घेतली, जाड, चकचकीत. टेंब्यांनी चोळली आणि म्हणाले, "मेजर, कागदाला घाम फुटलाय. लग्न आहे की इन्स्पेक्शन?"

मेजर हसले, कारण लष्करात हसायची सवय असते. नंदकुमार सबनीस बँकेत होते, त्यांना ती नव्हती. अनघाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या पत्रिकेवर गणपती नेमका घडीवर आला होता. टेंब्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि अनघाच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर म्हणाले, "सोंड मोडली हो, नंदकुमार. कागदाच्या धाग्याला आडवी घडी घातलीय. असा कागद घडीवर फुटतो. पहिलं वर्ष सांभाळा."

ते पहिलं वर्ष सबनीसांच्या घरात कोणी नीट झोपलं नाही. अनघाचं अगदी उत्तम चाललं आहे, दोन मुलं आहेत. पण सबनीसवहिनी अजून तिचा फोन आला की आधी घडीचंच विचारतील असं वाटतं.

टेंबे मनाने वाईट नव्हते. वाईट माणूस निदान आपला फायदा पाहतो. टेंब्यांना खरोखर कागदाचं दुःख व्हायचं. सांगलीहून एका जाहिरात कंपनीच्या छपाई विभागात ते लखनौला आले. कंपनी बुडाली, टेंबे उरले. मग लखनौच्याच महानगर भागात, कपूरथला बाजाराजवळ, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांनी डिझाइनचं दुकान थाटलं. कोचिंग क्लासची पत्रकं, हॉटेलांची मेन्यूकार्डं, मिठाईचे डबे. प्रत्येक कामात ते आधी कागद ठरवत आणि मग चित्र. "कागद ठरल्याशिवाय रंग काय ठरवता? भिंत बांधायच्या आधी खिळा ठोकाल का?" असं म्हणत.

एका चिकनवाल्याच्या, म्हणजे चिकनकारी भरतकामाचे कपडे विकणाऱ्याच्या, कॅटलॉगसाठी त्यांनी फिकट सायीच्या रंगाचा, अजिबात न चकाकणारा कागद निवडला होता. पांढऱ्या कापडावरचं पांढऱ्या धाग्याचं काम चकचकीत कागदावर धुतल्यासारखं सपाट होतं. या कागदावर एकेक टाका वर उठून आला. मराठी मंडळातल्या आम्ही सगळ्यांनी बोट फिरवून पाहिलं, कापड लागतंय असं वाटलं. चिकनवाल्यानेही बोट फिरवलं आणि म्हणाला, "बहुत उम्दा है टेंबेजी. बस, इसमें ज़रा चमक डलवा दीजिए." शेवटी चमक छापली गेली. असं तीसेक वर्षं चाललं होतं. गिऱ्हाईक म्हणेल ती चमक टेंब्यांनी निमूट छापायची, आणि त्या चमकेचा सूड आमच्या पत्रिकांवर उगवायचा.

म्हणून उत्कर्षाचं, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सबंध मराठी मंडळाचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं. मुलगा कसा आहे हे कोणी विचारलं नाही. मुलगा, सौरभ निगम, अमौसी विमानतळावर एका विमान कंपनीत होता, चांगलाच होता. प्रश्न पत्रिकेचा होता. टेंब्यांच्याही पुढे दुसरा प्रश्न नव्हता. हे एकच काम असं होतं, ज्यावर 'चमक डलवा दीजिए' म्हणणारा कोणी नव्हता.

"बाबा, वीडियो बनवा लेते हैं ना," उत्कर्षा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर हिंदीत येतं. "सबके फ़ोन पे एक मिनट में चला जाएगा."

"फोनला वास असतो का?"

"बाबा, कार्ड कोई सूँघता नहीं है. सिर्फ़ आप सूँघते हो."

"यावेळी सगळे सूंघतील," टेंबे म्हणाले. "असा कागद देईन की लोक हातात घेतील आणि सोडणार नाहीत. बघच तू."

निगम मंडळी विकास नगरला राहत. टेंबे तिथे गेले तेव्हा सौरभच्या आईने, विनीताजींनी, आपल्या बाजूचं कार्ड काढून दाखवलं. कार्ड कसलं, डबाच तो. वर मखमल, सोनेरी वेलबुट्टी, आणि झाकण उघडलं की आत गणपतीमागे इवलासा दिवा लागायचा. गीतावहिनींनी टेंब्यांचा कोट मागून ओढला, पण उशीर झाला होता. अंगठा आणि तर्जनी कामाला लागली होती, मागोमाग उजेड, कान आणि नाकही.

"विनीताजी," टेंबे म्हणाले, "यह कार्ड नहीं है, डिब्बा है. इसे खोलकर आदमी मिठाई ढूँढेगा, शादी नहीं."

सौरभ हसला. ते त्याला पुढे महागात पडलं असणार. विनीताजींच्या चेहऱ्यावरचं स्मित मात्र एका धाग्यानेही हललं नाही. "बजा फ़रमाते हैं, भाईसाहब. हम तो चमक देखकर ले आए. अब दोनों तरफ़ के कार्ड आप ही बनवाइए. अपना ऑर्डर हम रुकवा देते हैं."

रद्द करते असं त्या म्हणाल्या नाहीत, थांबवते म्हणाल्या. सांगलीच्या माणसाला हा फरक तीस वर्षं लखनौत राहूनही कळत नाही.

टेंब्यांनी काल्पीहून हातकागद मागवला. सुती चिंध्यांचा, जाड, आणि मुद्दाम सांगून खळ न लावलेला. खळ लावली की कागद ताठ होतो, ओलावा पटकन पीत नाही. बिनखळीचा कागद गालासारखा मऊ राहतो आणि ठशाच्या छपाईत अक्षर त्यात खोल रुततं. छपाईला त्यांनी अमीनाबादमधल्या राजेशचं जुनं ट्रेडल मशीन गाठलं. एरवी ते बिलबुकांवर नंबर छापायला आणि मिठाईचे डबे कापायला चालतं. त्यावर टेंब्यांनी एकेक पत्रिका समोर उभं राहून छापून घेतली. चित्र नाही, वेलबुट्टी नाही. काळ्याभोर शाईतली रुतलेली अक्षरं आणि चारही कोपऱ्यांत, शाईशिवाय दाबलेला, अंगठ्याएवढा गोल खळगा.

"चाचा, उँगली फेरो तो नाम पढ़ा जा रहा है," राजेश म्हणाला.

खळगे हळदकुंकवासाठी होते. पत्रिकेच्या कोपऱ्यांवर छापील हळदकुंकू पाहिलं की टेंब्यांचं डोकं फिरायचं. "छापील कुंकू लावायचं तर छापील जेवणच वाढा," असं ते मेजरवहिनींना म्हणाले होते. त्यांच्या पत्रिकेत कोपरे रिकामे होते, खऱ्या बोटांची वाट पाहत.

पत्रिका सुंदर झाली होती, हे सांगायलाच हवं. नंदकुमार सबनीस मुद्दाम पाहायला आले. चोळली, उजेडाकडे धरली, वाकवली, हुंगली. खोड सापडेना. ती पुन्हा पुन्हा उलटीसुलटी करताना त्यांचा चेहरा बँकेत हिशेब न जुळलेल्या संध्याकाळी होत असेल तसा झाला. निघताना ती परत ठेवायची विसरले. गीतावहिनींनी हातातून घेतली.

"पाहिलंत?" टेंबे आम्हाला म्हणाले. "सोडत नव्हता."

रविवारी मंडळातल्या बायका हळदकुंकू लावायला बसल्या. दुसऱ्या दिवशी विनीताजी पहिली पत्रिका घ्यायला यायच्या होत्या, मुहूर्त काढलेला होता.

"अहो, सुकं लावू की ओलं?" गीतावहिनींनी विचारलं.

"ओलं. सुकं कुंकू कुरियरवाल्याच्या शर्टाला लागतं, पत्रिकेवर राहत नाही."

हळद कालवली, कुंकू कालवलं. प्रत्येक खळग्यात अंगठा बसत होता आणि छोट्याशा तळ्यासारखा रंग साठत होता. बायका गाणी म्हणत होत्या. टेंबे मधूनमधून एखादी पत्रिका उचलून लांबून पाहत होते, त्यांचे डोळे भरून येत होते. ओल्याने कोपरे किंचित वळायला लागले. त्यावर उपाय कागदवाल्याला माहीत असतो. त्यांनी सगळ्या पत्रिका एकावर एक रचल्या, वर पाट ठेवला आणि पाटावर गीतावहिनींचं शिलाई मशीन. "ओला कागद वजनाखाली सुकवायचा, म्हणजे सरळ राहतो," त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

कागद सरळ राहिला. सकाळी पाट उचलला तेव्हा गठ्ठा अगदी सरळ होता आणि आडव्या कापलेल्या कलिंगडासारखा दिसत होता. बिनखळीच्या कागदाने रात्रभर कुंकू प्यायलं होतं, वरच्याने खालच्याला पाजलं होतं, आणि वजनाने कोणालाच उपाशी राहू दिलं नव्हतं. जिथे ठसा खोल, तिथे लाल ओघळ शिरलेला. 'चि. सौ. कां. उत्कर्षा' ही अक्षरं सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत खोल होती. ती पत्रिका वाटत नव्हती, पंचनाम्यातली वस्तू वाटत होती.

गीतावहिनींनी तोंडावर पदर धरला. उत्कर्षा आत आली, गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, "बाबा, ये मेरा नाम है?"

टेंबे एकेक पत्रिका सोडवत राहिले. त्यातल्या त्यात कमी जखमी निवडायला दुपार झाली आणि दुपारी विनीताजी आल्या, दोन जावांना घेऊन.

त्यांनी पत्रिका हातात घेतली. डागाकडे पाहिलंही नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून कोपरा चोळला. बोटं लाल झाली, ती रुमालाला सावकाश पुसली. मग पत्रिका उजेडाकडे धरली. मग कानाशी नेऊन वाकवली. मग वास घेतला. विकास नगरच्या त्या एका भेटीत बाईने सगळं पाहून ठेवलं होतं.

"काग़ज़ बहुत नेक है, भाईसाहब," त्या म्हणाल्या. "बेचारा सब कुछ अपने ऊपर ले लेता है."

जावांनी मान खाली घातली. टेंबे म्हणाले, "मी पुन्हा छापतो. मैं दोबारा..."

"आप क्यों ज़हमत करेंगे." विनीताजींनी पिशवीतून मखमली डबा काढला. "ऑर्डर रुकवाया था, मगर छापनेवाला माना ही नहीं. दोनों तरफ़ के बनाकर बैठा था."

झाकण उघडलं, गणपतीमागे दिवा लागला. आत दोन्ही घरांची नावं होती, कोपऱ्यांत चार छापील हळदकुंकवाचे ठिपके होते आणि खाली सोनेरी अक्षरांत 'डिज़ाइन : श्री चंद्रहास टेंबे'.

"मेहनत तो आपकी थी," विनीताजी म्हणाल्या. "नाम हमने शुरू से डलवा रखा था."

उत्कर्षाने झाकण दोनदा उघडमिट केलं. "लाइट तो अच्छी जल रही है, बाबा," ती म्हणाली. ती मनापासून म्हणाली, हेच वाईट.

ते डबे टेंब्यांना आमच्या घरोघर स्वतः द्यावे लागले. मुलीकडची आमंत्रणं बापानेच द्यायची. प्रत्येक दारात तोच कार्यक्रम झाला. चोळणं, उजेड, कान, नाक. टेंबे उंबऱ्याबाहेर उभे. मेजर म्हणाले, "टेंबेसाहेब, इन्स्पेक्शनमध्ये पास. कागदाला घाम आहे, पण आता दिवाही आहे." मेजरवहिनींनी छापील कुंकवाच्या ठिपक्यावर बोट ठेवून ते कपाळाला लावलं आणि विचारलं, "लागलं का हो?" कोणी पाणी विचारलं नाही. सबनीसांकडे ते सगळ्यात शेवटी गेले. नंदकुमारांनी डबा घेतला, टेबलावर ठेवला, उघडला नाही.

"काही बोला तरी," टेंबे म्हणाले.

"एवढ्यात नको. हातात घेऊन बसायला वेळ पाहिजे."

डागाळलेल्या पत्रिकांवर श्रीगणेशाचं नाव होतं, त्या रद्दीत घालता येईनात. गीतावहिनींनी गोमतीत सोडल्या. पाण्यात पडताच त्या विरल्या म्हणतात. त्या कागदाचं पाण्याशी पहिल्यापासून पटत होतं.

पण पाकिटांसाठी कापलेले त्याच जातीचे कोरे कागद शिल्लक होते. लग्नाच्या सकाळी हलवायाने कचोऱ्यांचं तेल टिपायला काहीतरी मागितलं. पेपरची शाई कचोरीला लागते म्हणून वहिनींनी तो गठ्ठाच काढून दिला. दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं, कागद स्वच्छ होता.

लॉनवर खुर्च्या मांडल्या होत्या. वऱ्हाडी, मंडळी, मेजर, सबनीस, सगळे हातात कचोरी घेऊन बसले होते, कचोरीखाली कागद. टेंबे नवे कपडे घालून, रेशमी झब्ब्यात, सगळ्यांना हवं-नको पाहत फिरत होते. कोणीतरी त्यांच्याही हातात कचोरी दिली. बोलता बोलता अंगठा आणि तर्जनी आपोआप खालच्या कागदावर गेली. चोळायला लागली. थांबली. टेंब्यांनी कचोरी दुसऱ्या हातात घेतली आणि कागद उन्हाकडे धरला. तेलाने तो काचेसारखा झाला होता. कानाशी नेऊन वाकवला. आवाज आला नाही. वास हिंगाचा होता.

नंदकुमार सबनीस शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी लॉनभर नजर फिरवली. दोन्हीकडचे सगळे पाहुणे तो कागद घट्ट धरून बसले होते.

"टेंबे," ते म्हणाले, "हातातून सोडवत नाही हो कोणाला."

टेंब्यांनी कचोरी संपवली. मग कागदाची घडी घातली, धाग्याच्या दिशेने, नीट बोट फिरवून, आणि झब्ब्याच्या छातीवरच्या खिशात ठेवली.

"अहो, डाग पडेल," गीतावहिनी म्हणाल्या.

"नाही पडणार. तो सगळं पितो."

प्यायचं तेवढं कागदाने आधीच प्यायलं होतं. थोड्या वेळाने व्याही-विहिणींचा फोटो काढला. मध्ये विनीताजी, तेच स्मित, शेजारी टेंबे, छातीवर डाव्या बाजूला हाताच्या पंजाएवढा काळपट डाग. अल्बम निगमांनी करवून घेतला, मखमली कव्हराचा, आणि एक प्रत टेंब्यांना पाठवली. फोटो चकचकीत कागदावर आहेत. त्यावर डाग फार छान उठून दिसतो.