फळीपलीकडचं पंचिंग मशीन

दीर वेगळे झाले तेव्हा निपाणीतल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात मधोमध प्लायवूडची फळी बसली. अलीकडे मी, पलीकडे धाकटी जाऊ. वाटणीत हातानं दांडा दाबून बायंडिंगची भोकं पाडायचं जुनं पंचिंग मशीन माझ्याकडं आलं, आणि त्याच्यासोबत खांदेदुखीही.

पुढं खंडेनवमीला जावेनं मला पूजेला बोलावलं आणि झेंडूच्या माळेखालचं इलेक्ट्रिक मशीन दाखवलं. पायानं पेडल दाबलं की गठ्ठ्याला ओळीनं भोकं. तिनं हातावर ठेवलेला पेढा कडू लागला. त्यानंतर दिवसभर फळीपलीकडून त्या मशीनचा आवाज यायचा, आणि प्रोजेक्ट बांधायला आलेली कॉलेजची पोरं माझ्या दारावरून सरळ तिच्याकडं जायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट माझ्याच दुकानात, माझ्या इलेक्ट्रिक मशीनवर बांधला जायला हवा होता. म्हणून मी कोल्हापूर गाठलं.

मशीनवाल्यानं विचारलं, "गोल भोकाचं पाहिजे का चौकोनी? गोल प्लास्टिकच्या स्पायरलला, चौकोनी वायर बायंडिंगला. तुमच्याकडं काम कसलं जास्त येतंय?"

"आमच्या जावेकडं गोल हाय," मी म्हणाले. "तिच्याकडं न्हाय ते द्या."

"ताई, पण गिऱ्हाईक काय मागतंय?"

"त्यातलं मोठं कुठलं?"

चौकोनीच मोठं निघालं. जुनं मशीन बदल्यात देऊन मी ते आणलं आणि जाऊ दारात उभी असतानाच खोकं उघडलं. तिचा चेहरा बघून त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग एक दिवस लेक प्रोजेक्टची पानं घेऊन आली. "आई, कॉलेजनं स्पायरलच सांगितलंय."

चौकोनी भोकांची अंतरं वेगळी असतात, त्यात स्पायरल फिरतच नाही. हे मला इतकी वर्षं पाठ होतं. कोल्हापुरात तेवढं आठवलं नाही. गोल भोकांचं दांड्याचं मशीनही बदल्यात गेलेलं. लेक पानं उचलून फळीपलीकडं गेली.

मी कान लावून बसले. मशीनचा आवाज आला नाही, जावेची हाक आली.

"आक्का, जरा हिकडं ये की. पोरीचा प्रोजेक्ट हाय. पंच तू मार."

ती टोमणा मारती तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण तिनं पदरानं खुर्ची पुसून दिली, पानं नीट ठोकून मशीनला लावली. मी पेडलवर पाय ठेवला. भोकं पडली. खांद्याला पत्तासुद्धा लागला नाही.

"कसं हाय, आक्का?"

"बरं हाय," मी म्हणाले.

लई बरं होतं, मेलं.