परदेशी खेळाडूची जागा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका सोमवारी दुपारी, शारजातल्या एका बास्केटबॉल क्लबने माझा अर्ज परत केला. कारण एका ओळीचं होतं: खेळाडूचा जन्म देशाबाहेर झाला आहे.

अर्ज मी ‘इथे जन्मलेले’ या गटातून केला होता. स्थानिक नागरिकांखेरीज तो क्लब दोनच प्रकारचे खेळाडू घेत असे. याच देशात जन्मलेली बाहेरच्यांची मुलं, त्यांच्यासाठी चार जागा. आणि परदेशी खेळाडू, त्याच्यासाठी एक. ती एक जागा बहुधा बाहेरून आणलेल्या सहा फूट नऊ इंचांच्या माणसाला जाई. मी सहा फूट चार आहे.

त्याआधी तीन वर्षं मी कॉलेजच्या संघात फॉरवर्ड होतो. निवडीच्या दिवशी तिथल्या एकाने मला क्रिकेटचे नेट कुठे आहेत ते दाखवलं होतं. भारतीय मुलगा चुकून इकडे आला, असं त्याला वाटलं. मी हललो नाही. पहिलं वर्ष बाकावर गेलं, दुसऱ्या वर्षी पहिल्या पाचांत आलो, तिसऱ्या वर्षी कॅप्टन झालो. आमचे कोच फिलिपिनो. शनिवारी ते मला दुबईतल्या मुहैस्नाहजवळ त्यांच्या लोकांच्या सामन्यांना नेत. आपल्याहून उंच माणसापुढे उभं राहून रिंगला लागून परतलेला चेंडू, रिबाउंड, कसा घ्यायचा, ते मी तिथे शिकलो. क्लबात अर्ज करायलाही त्यांनीच सांगितलं. कॉलेज संपल्यावर व्यावसायिक खेळायचं, याखेरीज दुसरं काही मी ठरवलेलं नव्हतं.

माझा जन्म साताऱ्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आई शारजाहून तिकडे गेली आणि मी साडेतीन महिन्यांचा असताना मला घेऊन परत आली. बहिणीच्या वेळी आजीच इकडे आली, त्यामुळे बहीण शारजात जन्मली. शाळेत कुणी विचारलं की मी ‘इथलाच’ म्हणत असे. अर्जातही त्याच सवयीने खूण केली. पासपोर्टची प्रत जोडताना जन्मस्थानाची ओळ मी वाचली नव्हती.

बाबा दूर रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला, आठवडाभर तिकडेच राहत. ते शुक्रवारी संध्याकाळी घरी आले आणि क्लबचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग आईला म्हणाले, की मी तेव्हाच सांगत होतो, बाळंतपण इथल्याच हॉस्पिटलात करू.

आई पोळ्या लाटत होती. “तुमच्या आईंनी फोनवरून मुहूर्त काढून पाठवलं होतं मला,” ती म्हणाली. “आता माझ्यावर घालू नका.”

बहिणीने मोबाईलमधून मान वर केली नाही. “सो आय ॲम लोकल, अँड ही इज द इम्पोर्ट.”

बाबांकडे उपाय तयार होता. साताऱ्यात त्यांच्या ओळखीचे एक वकील होते. ॲफिडेव्हिट करायचं, जन्मदाखल्यात चूक झाली म्हणायचं, जन्मस्थान बदलून आणायचं. वेळ लागेल पण काम होईल, असं त्यांचं म्हणणं.

“नको,” मी म्हणालो. “दाखल्यावर आहे तेच राहील.”

“मग खेळणार कुठे?”

“त्याच क्लबात. परदेश्याच्या जागेवर.”

“देतील ते तुला?”

“अजून मागितली नाही.”

पुढच्या सोमवारी मी क्लबच्या मॅनेजरकडे गेलो. त्याने चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

“हबीबी, परदेशी खेळाडू आम्ही विमानतळावरून आणतो. तू तर बसने आलास.”

मी त्याला सांगितलं, की मीही विमानानेच आलो होतो. फक्त तेव्हा साडेतीन महिन्यांचा होतो. नियमात उंची कुठे लिहिली आहे, असंही विचारलं. ती कुठेच नव्हती. त्याने क्लबच्या कोचला फोन लावला. त्या जागेसाठी युरोपातून एक फॉरवर्ड दोन दिवसांत येणार होता. त्याच्याविरुद्ध पाच दिवस सरावात खेळायचं, मग बघू, असं ठरलं.

पहिल्या दिवशी त्याने माझे दोन शॉट अडवले आणि माझ्या डोक्यावरून हवे तेव्हा बास्केट केले. दुसऱ्या दिवशी मी बास्केटखाली थांबलोच नाही; त्याला बाहेर ओढून पळवलं. तिसऱ्या दिवसापासून कोच बचावाच्या सूचना खेळ चालू असताना अरबीत ओरडून देऊ लागले. शाळेत नववीपर्यंत अरबी सक्तीचं होतं. कुणी कुणाला धरायचं हे मला ऐकताक्षणी कळत होतं. तो दर वेळी बाकाकडे बघत होता. चौथ्या दिवशी पाण्याच्या सुट्टीत त्याने मला विचारलं, की ते काय म्हणतात. मी त्याला प्रत्येक सूचनेचा अर्थ सांगितला. पाचव्या दिवशी त्याला त्यातल्या निम्म्या आठवत होत्या.

पाच दिवसांत गुण त्याचे जास्त झाले. रोज एक, अशा पाच डावांपैकी चार माझ्या संघाने जिंकले.

कोचनी दोन दिवस काहीच कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला, की पासपोर्ट घेऊन ये. त्याने नवा अर्ज पुढे ठेवला आणि या वेळी नीट वाचून भर म्हणाला. मी गटाच्या रकान्यात ‘परदेशी’ आणि जन्मस्थानाच्या रकान्यात ‘सातारा’ लिहिलं. बाबा रजा टाकून रुवैसहून आले होते. त्यांनी दोन्ही रकाने तपासले आणि अर्ज मॅनेजरकडे सरकवला.

शेवटची परीक्षा दिल्यावर मी करारावर सही केली. करार एका हंगामाचा आहे. पहिल्या सामन्याच्या पत्रकावर माझ्या नावापुढे ‘परदेशी खेळाडू’ असं छापलं होतं. त्या सामन्यात मी चाळीसपैकी एकतीस मिनिटं खेळलो.